वाटीभर फळ म्हणजे किती ग्रॅम? वजन-मापाचा हिशेब असा करा

आंब्याच्या जॅमसाठी 'गराइतकीच साखर' असं लिहिलेलं असतं, ते वजनाचं प्रमाण. वाटीला वाटी घेतली तर साखर कमी पडते आणि जॅम टिकत नाही. कारण भरलेल्या वाटीत गर साखरेपेक्षा जड भरतो. हा फरक एकदा काढून ठेवला की पुढे कुठलीही कृती अडत नाही.

आधी आपली वाटी किती मिलीची ते बघा. रिकामी वाटी डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि ती काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. घरोघरच्या वाट्या वेगवेगळ्या असतात. मेजरिंग कपही सगळे सारखे नाहीत: अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० मिलीचा. तिकडची कृती करताना एवढं आधी पाहून घ्या.

मग फळ कोणत्या रूपात घालायचं ते ठरवा, कारण खरा घोळ इथेच होतो. २४० मिलीच्या कपात अख्ख्या स्ट्रॉबेरी साधारण १४५ ग्रॅम बसतात, काप केले की १६५ आणि मिक्सरमधून काढल्या की २३०. फळ तेच, फक्त मधली हवा निघून गेली. म्हणून 'कापलेलं १ कप' आणि '१ कप, कापून' यांतला फरक नीट वाचा. दुसऱ्यात आधी मोजायचं, मग चिरायचं.

त्याच कपाचे आणखी काही अंदाज: आंब्याच्या किंवा अननसाच्या फोडी १६५ ग्रॅम, कुस्करलेलं केळं २२५, आंब्याचा गर २५०, साखर २००. फोडी लहान-मोठ्या असल्या की आकडा थोडा इकडे-तिकडे होणारच. हे सगळं साल आणि कोय काढल्यानंतरचं वजन आहे.

आता आपल्या वाटीचा हिशेब. कपाचे ग्रॅम भागिले २४०, गुणिले वाटीचे मिली. समजा वाटी १५० मिलीची आहे. तिच्यात आंब्याच्या फोडी साधारण १०३ ग्रॅम, गर १५६ ग्रॅम आणि साखर १२५ ग्रॅम बसेल. उलटं करायचं तर हवे असलेले ग्रॅम वाटीतल्या ग्रॅमने भागा: अर्धा किलो फोडी म्हणजे या वाटीने जवळपास ५ वाट्या.

यावरूनच जॅमचं उत्तर मिळतं. एक वाटी गराला समान वजनाची साखर हवी असेल तर सव्वा वाटी घ्यावी लागते. ही सव्वा वाटी लक्षात ठेवाच.

वाटी नेहमी सपाट भरा, शीग नको, चमच्याने दाबूही नका. कैरीच्या किसाला मात्र मी वाटी लावतच नाही. ताजा किस मोकळा असतो, जरा वेळ ठेवला की पाणी सुटून खाली बसतो आणि तीच वाटी दुसऱ्यांदा वेगळं वजन दाखवते. साखरांब्याचा किस सरळ काट्यावर घ्या.

आंब्याच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा आणला असेल तर त्यात २४० मिलीचे साडेतीन कपांना थोडे कमी भरतात. डब्यातला रस बहुधा साखर घातलेला असतो, तेव्हा वरची साखर चव बघून कमी करा.