कादंबरी लिहून झाली? एजंटला पैसे देण्याआधी या चुका टाळा

“अगं, पहिल्याच फोनवर त्याने माझ्या नायिकेचं नाव घेतलं. तेवढ्यावरच मी विरघळले.” नाशिकच्या कॉलेज रोडवर चहा पिताना मैत्रीण सांगत होती. निफाडच्या द्राक्षबागायतदार कुटुंबावरची तिची कादंबरी, चार वर्षांची मेहनत. स्वतःला लिटररी एजंट, म्हणजे लेखक आणि प्रकाशक यांच्यातला मध्यस्थ, म्हणवणाऱ्या त्या गृहस्थाने ‘मोठ्या प्रकाशकाकडे’ नेतो म्हणून १८,००० रुपये घेतले होते. आठ महिन्यांत एकाही प्रकाशकाचं नाव तिला कळलं नव्हतं.

तिने पावती दाखवली. वाचन ३,०००, संपादन ७,५००, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ३,५००, कॉपीराइट ४,०००. आपल्याकडे आयएसबीएन राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो. कॉपीराइट तर लिहिल्या क्षणापासून लेखकाचाच असतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि साहित्यकृतीसाठी सरकारी फी ५०० रुपये.

पहिली चूक हीच: पैसे आधी देणं. खरा एजंट पुस्तक प्रकाशकाला विकलं गेल्यावर लेखकाला मिळणाऱ्या पैशातून आपला वाटा घेतो. इंग्रजी प्रकाशनात तो साधारण १५ टक्के असतो, परदेशी हक्कांसाठी बहुधा २० टक्के. ज्याची कमाई पहिल्याच दिवशी झाली, तो तुमच्यासाठी प्रकाशकांचे उंबरठे का झिजवेल?

मराठीत एजंट लागतोच, हाही गैरसमज. आपले बहुतेक प्रकाशक थेट लेखकाकडून हस्तलिखित घेतात. नाशिककरांनी १८४० पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाचनालयात जावं, आपल्या कादंबरीच्या जातकुळीच्या दहा नव्या कादंबऱ्या काढाव्यात आणि आतल्या पानावरचे प्रकाशकांचे पत्ते उतरवून घ्यावेत. आधी फोन करून विचारावं, मग सारांश आणि दोन-तीन प्रकरणं पाठवावीत. उत्तराला कित्येक महिने लागतात. ती शांतता सोसत नाही आणि नेमका तेव्हाच असा फोन येतो. तरीही एजंट हवाच असेल तर त्याने विकलेली तीन पुस्तकं विचारा आणि त्या लेखकांशी स्वतः बोला.

करारनामा न वाचता सही करणं ही त्याहून वाईट चूक, कारण पैसे एकदाच जातात, हक्क मात्र कायमचे जाऊ शकतात. तिच्या करारात एक ओळ होती: ‘सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी.’ एजंटला हक्क लागतच नाहीत, ठरावीक मुदतीपुरती तुमच्या वतीने बोलण्याची परवानगी पुरते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांच्या हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही नसेल, तर ते हस्तांतरण संपुष्टात येतं. म्हणजे ‘कायमस्वरूपी’ हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. सहीआधी करार वकिलाला दाखवा, त्याची फी या १८,००० पेक्षा बहुधा स्वस्त पडेल.

अडकला असाल तर आणखी एक रुपयाही पाठवू नका. “अजून ५,००० भरा, काम अंतिम टप्प्यात आहे” हा फोन हमखास येतो. पेमेंटचे पुरावे, मेसेज आणि करार एका फोल्डरमध्ये ठेवा. करारातलं नोटिशीचं कलम वाचून स्पीड पोस्टाने लेखी कळवा: कोणत्या प्रकाशकाला कधी पाठवलं ती यादी द्या, परवानगी मागे घेत आहे, हक्क परत केल्याचं पत्र द्या. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक उघड असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा, इथे उशीर नडतो. ग्राहक म्हणून दाद मागायला १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मैत्रिणीने नोटीस पाठवल्यावर चार प्रकाशकांची यादी आली. आम्ही दोघांना फोन केले, दोघांकडेही तिचं हस्तलिखित पोहोचलंच नव्हतं. पैसे मिळाले नाहीत. हक्क सोडल्याचं पत्र मात्र दुसऱ्या नोटिशीनंतर आलं, आणि त्याच आठवड्यात तिने पहिली तीन प्रकरणं स्वतः पुण्याला पाठवली.