फोनचे धडे दुकानातच: अ‍ॅपल स्टोअरमधल्या मोफत सत्राला जाताना

लाखभर रुपयांचा आयफोन घेतला तरी तो वापरायचा कसा हे कोणी बसून शिकवत नाही. घरातला मुलगा किंवा पुतण्या ‘द्या इकडे’ म्हणत फोन हातातून घेतो, चार ठिकाणी बोट टेकवतो आणि परत देतो. काम होतं, पण आपल्याला काही कळलेलं नसतं. आपल्याच हातानं करून बघत शिकायचं असेल तर अ‍ॅपलच्या दुकानांत ‘टुडे अ‍ॅट अ‍ॅपल’ नावाची सत्रं होतात. २०१७ साली ती जगभरच्या अ‍ॅपल स्टोअरमध्ये सुरू झाली. त्याआधी अमेरिकेत वैयक्तिक शिकवणीसाठी वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागत. ही सत्रं मात्र मोफत आहेत.

महाराष्ट्रात ती अ‍ॅपलच्या स्वतःच्या दुकानांत होतात, जसं मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड ड्राइव्हमध्ये (दुकान १८ एप्रिल २०२३ रोजी उघडलं) आणि पुण्याला कोरेगाव पार्कच्या कोपा मॉलमध्ये (४ सप्टेंबर २०२५). गावोगावी सफरचंदाची पाटी लावलेली दुकानं दिसतात ती अधिकृत विक्रेत्यांची असतात. तिथला माणूस चांगला असेल तर मदत करेलही, पण ही सत्रं तिथे नसतात. नाशिक-कोल्हापूरहून यायचं असेल तर हे आधी लक्षात घ्या.

कोणतं दार तुमचं?

निम्मी निराशा इथेच होते. सत्र म्हणजे छोट्या गटाची शिकवणी. फोटो काढणं, आयपॅडवर चित्र रेखाटणं, आयफोनची किंवा मॅकची तोंडओळख, मुलांसाठीचे उपक्रम असे ठरलेले विषय त्यात असतात. तुमच्या फोनची बॅटरी लवकर का संपते, हे तिथे कोणी तपासणार नाही. बिघाड असेल तर जीनियस बारची, म्हणजे दुकानातल्या दुरुस्ती-मदत विभागाची, वेगळी वेळ घ्यावी लागते. तिसरा प्रकार नव्या वस्तूचा. अ‍ॅपलकडून थेट खरेदी केली असेल तर ‘पर्सनल सेटअप’ मिळतो. त्यात एक जाणकार फक्त तुमच्याशी बोलत फोन वापरायला तयार करून देतो, आणि हा सेटअप ऑनलाइनही होतो. दूर राहणाऱ्यांना हाच मार्ग सोयीचा.

व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचं अ‍ॅप किंवा डिजिलॉकर ही अ‍ॅपलची उत्पादनं नाहीत. त्यांतल्या अडचणींसाठी सत्रात वेळ मिळेल असं धरून चालू नका.

नाव नोंदवणं

अ‍ॅपलच्या भारतीय संकेतस्थळावर किंवा ‘अ‍ॅपल स्टोअर’ अ‍ॅपमध्ये टुडे अ‍ॅट अ‍ॅपलचा विभाग उघडा. आधी दुकान निवडा, मग विषय, मग तारीख. अ‍ॅपल अकाउंटनं साइन इन केलं की जागा राखली जाते आणि मेल येतो. त्या मेलमध्येच नोंदणी रद्द करायची सोय असते. जायला जमत नसेल तर ती वापरा, कारण गट लहान असतो आणि तुमची रिकामी खुर्ची दुसऱ्याच्या कामी येते.

विषय निवडताना नावापेक्षा खालचं वर्णन वाचा. कोणत्या पातळीचं सत्र आहे आणि कोणती वस्तू लागेल, हे तिथे दिलेलं असतं. अ‍ॅपल इंटेलिजन्सशी (अ‍ॅपलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयीशी) संबंधित काही शिकायचं असेल तर एक गोष्ट आधी बघा. ही सोय आयफोन १५ प्रो, १५ प्रो मॅक्स आणि त्यानंतर आलेल्या १६ मालिकेपासून पुढच्या फोनमध्येच चालते. साधा १५ किंवा १४ असेल तर दुकानातल्या फोनवर सगळं सुरेख जमेल आणि घरी आल्यावर ते बटणच सापडणार नाही. दोष तुमचा नसतो, पण वेळ वाया जातोच.

आदल्या रात्रीचा गृहपाठ

खरा भाग हाच आहे. सत्राची वेळ मोजकी असते आणि फोन तयार नसेल तर ती पासवर्ड आठवण्यात जाते.

१. फोनचा पासकोड, अ‍ॅपल अकाउंटचा पासवर्ड आणि सिमचा पिन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेकांच्या मनात त्यांची सरमिसळ असते आणि ‘माझा पासवर्ड चार आकडी आहे’ असं ते खात्रीनं सांगतात. अ‍ॅपल अकाउंटचा पासवर्ड घरीच एकदा टाकून बघा. कागदावर लिहून खिशात ठेवू नका.

२. अकाउंटला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना ते तपासा (सेटिंग्जमध्ये सर्वांत वर तुमचं नाव, मग साइन-इन आणि सुरक्षितता). साइन इन करताना पासवर्डनंतर लागणारा दुसऱ्या टप्प्याचा कोड त्या क्रमांकावर किंवा तुमच्या दुसऱ्या उपकरणावर येतो. क्रमांक बंद पडलेल्या सिमचा असेल, किंवा ते सिम घरी ठेवलेल्या जुन्या फोनमध्ये असेल, तर तुम्ही दुकानात अडकता. कर्मचाऱ्यांना यातून पळवाट काढता येत नाही. अकाउंट परत मिळवायच्या प्रक्रियेला काही दिवससुद्धा लागतात.

३. पासवर्ड बदलायचा असेल तर घरीच बदला. ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ सुरू असेल (फेस आयडी आणि पासकोडच्या सेटिंग्जमध्ये दिसतं), तर घर किंवा ऑफिससारख्या ओळखीच्या जागेबाहेर अकाउंटचा पासवर्ड किंवा फोनचा पासकोड लगेच बदलत नाही. फेस आयडी द्यावा (म्हणजे फोनला चेहरा दाखवावा) लागतो, मग एक तास थांबा, मग पुन्हा फेस आयडी. चोराला रोखायला ही तरतूद उत्तम आहे, पण फोनला दुकानही परकी जागाच वाटते. सत्र संपेल तरी तास संपलेला नसतो.

४. आयओएस (आयफोनची कार्यप्रणाली) अद्ययावत करून ठेवा. रात्री वाय-फायवर, चार्जर लावून. दुकानात बसून अद्ययावत करायला घेतलं तर सगळे शिकत असताना तुम्ही पांढरी पट्टी सरकताना बघत बसाल.

५. बॅकअप घ्या. आयक्लाउडवर (अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीत) मोफत जागा ५ जीबीच असते आणि बहुतेकांची ती भरलेली असते. तसं असेल तर फोन संगणकाला जोडून बॅकअप घ्या.

अँड्रॉइडवरून नुकतेच आला असाल तर आणखी एक. जुना डेटा आणणारं ‘मूव्ह टू आयओएस’ हे अ‍ॅप नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच्या पायऱ्यांमध्ये वापरायचं असतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे जुने संवादही याच वाटेनं येतात. ‘आधी सुरू तर करू, बाकीचं दुकानात विचारू’ म्हणून फोन वापरायला घेतला तर पुढे तो पूर्ण पुसून पुन्हा लावावा लागतो. फोटो भरपूर असतील तर हे काम तासन्‌तास चालतं. म्हणून ते घरी, दोन्ही फोन चार्जिंगला लावून करा.

सत्रात बसल्यावर

दहा मिनिटं आधी पोहोचा. स्वतःचा फोन नेला नसेल तर दुकानातला मिळतो, पण त्यावर अकाउंटनं साइन इन करू नका. त्यावर केलेलं काम एअरड्रॉपनं (अ‍ॅपलच्या जवळच्या उपकरणांत वायरशिवाय फाइल पाठवायच्या सोयीनं) तुमच्या फोनवर घ्या आणि त्यातलं मागे काही राहिलं नाही ना ते बघा. स्वतःच्या फोनवर पासवर्ड टाकायची वेळ आली तर तो स्वतः टाका, मोठ्यानं सांगू नका. समोरचा सज्जन असतोच, पण शेजारच्या टेबलावर कोण आहे ते माहीत नसतं.

मराठीत समजावून सांगाल का, हे सुरुवातीलाच मोकळेपणानं विचारा. मुंबईचं दुकान उघडलं तेव्हा तिथले कर्मचारी मिळून २० हून अधिक भाषा बोलतात, असं अ‍ॅपलनं सांगितलं होतं. मात्र समोरच्या पडद्यावरची नावं बहुधा इंग्रजीतच असतात. आयओएस १८.४ पासून आयफोनचे मेनू मराठीतही ठेवता येतात. तुमचा फोन तसा असेल तर प्रशिक्षक सांगतो त्या नावाशी तुमच्यासमोरचं नाव जुळत नाही. तेवढ्यापुरती इंग्रजी ठेवायची असेल तर सेटिंग्ज, जनरल, भाषा आणि प्रदेश या वाटेनं बदला. नाहीतर नावांऐवजी चिन्हं लक्षात ठेवा, ती सारखीच असतात.

गटात ‘मला काहीच येत नाही’ म्हणण्यापेक्षा एकच नेमका प्रश्न घेऊन जा. ‘फोटोत मागची खिडकी उजळ येते आणि माणूस काळा दिसतो, काय करू?’ या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर मिळतं: माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेका, मग बाजूचं सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवा. फोटोंबद्दल आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: आयक्लाउड फोटो सुरू असताना फोनमधला फोटो पुसला तर काय होतं? तो त्या अकाउंटच्या सगळ्या उपकरणांवरून जातो आणि ‘अलीकडे काढून टाकलेले’मध्ये ३० दिवस राहतो. जागा मोकळी करायच्या नादात लग्नाचा अल्बम असाच जातो, कारण आयक्लाउड फोटो म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत नव्हे.

आई-वडिलांना घेऊन जात असाल तर शेजारी बसा, पण फोन त्यांच्याच हातात राहू द्या. हे सगळ्यांत अवघड आहे. त्यांना अक्षरं बारीक वाटत असतील तर डिस्प्ले आणि ब्राइटनेसमधला मजकुराचा आकार त्यांनीच सरकवून बघू दे. मराठी कीबोर्ड लावायचा असेल तर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, कीबोर्ड्स, नवा कीबोर्ड जोडा, मराठी, एवढ्याच पायऱ्या आहेत. त्यांनी एकदा स्वतः चढल्या की दुसऱ्यांदा विचारणार नाहीत.

घरी आल्यावर

त्याच रात्री शिकलेल्यातलं एक काम पुन्हा करून बघा, आणि कोणत्या क्रमानं केलं ते नोट्समध्ये आपल्या शब्दांत लिहा. कुठे अडलात ते नेमकं दिसावं म्हणून त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढा (फेस आयडीच्या फोनवर बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण एकदम दाबून लगेच सोडायचं). फोनमध्ये आधीपासून असलेलं ‘टिप्स’ अ‍ॅप उघडलं तर त्यात आयफोनची मार्गदर्शिकाही सापडते. तरीही जमलं नाही तर तेच सत्र पुन्हा नोंदवा आणि जाताना तो स्क्रीनशॉट दाखवायला घेऊन जा.