लेकीचं माइनक्राफ्टचं स्वतःचं खातं

माझी दहा वर्षांची लेक माझ्याच खात्यावरून माइनक्राफ्ट खेळायची. एकदा चॅटमध्ये अनोळखी माणसं दिसली आणि पोटात गोळाच आला. तिच्या खऱ्या जन्मतारखेने मायक्रोसॉफ्टचं वेगळं खातं काढलं, माझ्या फॅमिली ग्रुपमध्ये जोडलं. (वय वाढवून टाकू नका, मग मुलांसाठीची बंधनं लागूच होत नाहीत.)

पण पंचवटीतल्या तिच्या मामेबहिणीबरोबर मल्टिप्लेअर, म्हणजे ऑनलाइन एकत्र खेळणं, काही सुरू होईना. दोन संध्याकाळी गेम काढून पुन्हा टाकण्यात गेल्या. गोम परवानगीत होती. एक्सबॉक्सच्या (मायक्रोसॉफ्टचीच गेमिंग सेवा) संकेतस्थळावर माझ्या लॉगिनने गेले, प्रायव्हसीत तिचं नाव निवडलं, मल्टिप्लेअरला परवानगी दिली. बोलणं मात्र फक्त मैत्रिणींच्या यादीपुरतंच ठेवलं. तिने लॉगआउट करून परत लॉगिन केलं, आणि इंदिरानगरातून ही नि पंचवटीतून ती, दोघी मिळून गेममध्ये घर बांधायला लागल्या!