हात हलवला, पण काचेत काहीच हललं नाही? शोकेसमधल्या या चुका टाळा

हातवाऱ्यांवर चालणारा पडदा वर्कशॉपमध्ये झकास चालतो आणि दुकानाच्या काचेमागे गेला की बिनसतं. दोष बहुतेक वेळा कोडमध्ये नसतो. काच, ऊन आणि माणसाची चाल या तिघांचा हिशेब आधी केलेला नसतो.

काचेतून आपल्याला दिसतं, म्हणजे सेन्सरलाही दिसेल

इथला सेन्सर म्हणजे डेप्थ कॅमेरा, समोरच्या गोष्टी किती लांब आहेत ते मोजणारा. तो स्वतःचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश समोर फेकतो. साध्या पारदर्शक काचेवरून त्यातला साधारण ८ टक्के प्रकाश उलटा फिरतो. सेन्सर काचेच्या ५-१० सेंटिमीटर मागे असेल तर तो उजेड थेट त्याच्याच लेन्समध्ये शिरतो आणि डेप्थच्या चित्रात पांढरा डाग किंवा भोक पडतं. सेन्सरचं तोंड काचेला टेकवून बसवा, भोवती काळ्या फोमची पट्टी लावा आणि प्रकाश फेकणारा भाग व लेन्स यांच्या मध्येही एक बारीक पट्टी घाला. मागची हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा.

काचेवर सनफिल्म असेल तर आधी तपासून घ्या. टीव्हीचा रिमोट काचेबाहेर धरून बटण दाबा आणि आतून मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघा. रिमोटच्या टोकाचा जांभळट ठिपका काचेशिवाय ठसठशीत दिसतो. काचेतून तो फिका पडला किंवा गायबच झाला, तर फिल्म इन्फ्रारेड अडवते आहे. अशा वेळी सेन्सरपुरती फिल्म कापा, नाहीतर साधा वेबकॅम आणि चित्रातले हात ओळखणारं मीडियापाइपसारखं सॉफ्टवेअर वापरा. मग रात्री फूटपाथवरच्या चेहऱ्या-हातांवर पुरेसा उजेड पडेल एवढं बघावं लागतं.

चाचणी फक्त संध्याकाळी

उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असतं आणि त्यात सेन्सरचा प्रकाश बुडून जातो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या काचेची चाचणी दुपारी ४ ते ६ मध्येच घ्या. पडद्याचंही तसंच. घरगुती टीव्ही ३००-४०० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) असतो, उन्हातल्या काचेमागे तो काळा पडतो. अशा ठिकाणी २५०० निट्सच्या आसपासचा पडदा लागतो. तेवढं बजेट नसेल तर कार्यक्रम सूर्यास्तानंतरच चालू ठेवा आणि तसं दुकानदाराला आधीच स्पष्ट सांगा.

'हात हलवा' अशी पाटी लावून वाट बघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो. ३ मीटरची काच तो सव्वादोन सेकंदांत ओलांडतो. शोकेसमधल्या पडद्यांवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पडदा आपल्याला प्रतिसाद देतोय हे कळायलाच सुमारे १.२ सेकंद लागतात, असं त्यात आढळलं. सूचना दाखवण्याऐवजी येणाऱ्याची आरशासारखी प्रतिमा लगेच दाखवली तेव्हा थांबून खेळणारे ९० टक्क्यांनी वाढले. नुसत्या सावलीने ४७ टक्क्यांनी. अनेकांच्या ते पुढे गेल्यावर लक्षात येतं आणि ते मागे वळतात. म्हणून पडदा चालण्याच्या दिशेने जितका लांब तितका चांगला. आम्ही सावलीच सुचवू: चेहरा दिसत नाही, त्यामुळे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. चित्रीकरण साठवूच नका.

चालणाऱ्याचा झुलता हात म्हणजे 'स्वाइप'

नुसत्या डावी-उजवीकडच्या हालचालीवर काही घडवलंत तर रस्त्यावरचा प्रत्येक जण नकळत पानं उलटत जाईल. हात खांद्याच्या वर, १ सेकंद स्थिर, आणि तेवढ्यात भरत जाणारं वर्तुळ पडद्यावर, एवढा इशारा पुरतो. तो एका हाताने जमलाच पाहिजे. लक्ष्मी रोडवर दुसऱ्या हातात पिशवी असते किंवा कडेवर मूल. उंची पडद्यावरून नव्हे, त्या माणसाच्या खांद्यावरून मोजा, म्हणजे १ मीटर उंचीचं पोर आणि व्हीलचेअरवरची व्यक्ती दोघांनाही खेळता येतं. काचेपासून ६० सेंटिमीटर ते २.५ मीटर एवढ्याच पट्ट्यातल्या हालचाली टिपा; पलीकडची रहदारी सोडून द्या. ज्याने हात वर केला त्याच्याकडेच ताबा ठेवा, पण तो पट्ट्याबाहेर गेला की २ सेकंदांत ताबा सोडा.

हात आधी, चित्र मागून

उशीर १०० मिलिसेकंदांच्या आत हवा. मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये हात आणि पडदा एकत्र टिपा आणि हात हलल्यापासून चित्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४ पेक्षा जास्त भरल्या तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, मग थरथर घालवणारा फिल्टर हलका करा.

अधूनमधून सेन्सर 'गायब' होणं

बहुधा केबल. साधी यूएसबी ३ केबल ३ मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे वाटेत सिग्नल वाढवणारी, केबल घ्या. वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याची सेटिंग बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) चालू करा, प्रोग्राम स्टार्टअपला टाका आणि एकदा मेन स्विच पाडून बघा: दुकानातल्या कुणीही हात न लावता सगळं परत उभं राहिलं, तरच चावी दुकानदाराकडे द्या.