फेअरी पूल्सला निघण्याआधी

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर फेअरी पूल्स हे ओढ्यातले डोह बघायला जाताना रेनकोट बॅगेत सगळ्यात वर ठेवा. छत्री घरीच राहू द्या, ग्लेन ब्रिटलच्या दरीतल्या वाऱ्यात ती उलटते. पाऊस दिसला म्हणून बेत मात्र मोडू नका. कूलिनच्या डोंगरांवर पाऊस पडून गेला की इथला ओढा खरा रंगात येतो, एका डोहातून दुसऱ्या डोहात उड्या घेत उतरतो. मुसळधार पडला असेल तर काठापासून लांब राहा. पाणी बघता बघता चढतं.

बुटांवर पैसे वाचवू नका. ओल्या बेसॉल्टच्या काळ्या कातळावर पाय कसा सटकतो, हे सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सांगायला नको. कूलिनचा खडक बराचसा खरखरीत गॅब्रोचा आहे, त्यावर बूट छान धरतो. पण मधूनमधून बेसॉल्टचे पट्टे येतात आणि भिजले की तेच दगा देतात.

मे ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर तोंडावर ओढायची बारीक जाळी हवीच. वारा पडला की मिज नावाची चिलटं ढगासारखी येतात आणि कानामागे, केसांत शिरून चावतात.

डोहात उतरायचं असेल तर टॉवेल आणि गरम कपडे घ्या, कारण भर जुलैतही पाणी हाडं गोठवतं. नाही उतरलात तरी काठावर थोडं थांबाच. पाणी इतकं नितळ, की निळसर हिरव्या तळातला गोटान् गोटा दिसतो. एका डोहात तर पाण्याखाली दगडाची कमान आहे.

पेट्रोल आणि खाणं ब्रॉडफर्डला किंवा पोर्ट्रीला भरून घ्या. नकाशा फोनवर उतरवून ठेवा, दरीत रेंजचा भरवसा नाही. पुढचा रस्ता एका वेळी एकच गाडी जाईल इतका अरुंद आहे. समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबायचं, तिथे पार्किंग मात्र करायचं नाही. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा सकाळीच निघा. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो; मग रस्त्याच्या शेवटी ग्लेनब्रिटलचा समुद्रकिनारा आणि परतताना कार्बोस्ट गाव, दोन्ही निवांत होतं. कार्बोस्टला लॉक हार्पोर्ट या खाडीच्या काठी 1830 साली सुरू झालेली टॅलिस्कर व्हिस्कीची डिस्टिलरी आहे.

वाटेत लागणाऱ्या स्लिगाखनच्या जुन्या दगडी पुलाखाली चेहरा पाण्यात बुडवला की सौंदर्य कायम टिकतं, अशी तिथली दंतकथा आहे. त्यासाठी एक कोरडा पंचा गाडीत वेगळा ठेवा.