जमीन घेताय? कोणता नकाशा कशासाठी काढायचा

जमीन बघायला गेलात की दलाल मोबाइलवर गटाचा नकाशा उघडतो आणि बोटाने हद्द दाखवतो. तेवढ्यावर इसार देऊ नका. मी भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी, म्हणून नोकरी केली, बांधावरून भावकी तुटलेली पाहिली, म्हणून कळकळीने सांगतो. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा तो गट शेजारी कोण आहे हे ओळखायला चांगला. बांध नेमका कुठे, हे त्यावरून ठरत नाही.

आधी गाव नकाशा काढा, तो रस्त्यासाठी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की नक्कल मिळते. एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग. पायमार्ग सव्वाआठ फुटांचा, गाडीमार्ग साडेसोळा फुटांपासून पुढे. तुमच्या गटापर्यंत यातली एकही रेष पोचत नसेल, तर 'सगळे इथूनच जातात' या शब्दावर विसंबू नका. उद्या शेजाऱ्याने काटे टाकले तर महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागत बसावं लागेल.

हद्दीचा उगम पाहायचा तर टिपण. माझा सर्वांत जिव्हाळ्याचा कागद हाच. सर्व्हे नंबरची जुनी मोजणी त्यावर हाताने उतरवलेली असते: मधून जाणारा कर्ण, त्याच्या दोन्ही बाजूंना काटकोनात टाकलेले लंब आणि त्यांचे आकडे. हे आकडे मीटरमध्ये नसतात, साखळी-आण्यांत असतात. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. पाच साखळ्या आठ आणे म्हणजे 181.5 फूट. साखळीभर लांब नि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. वरचा सव्वाआठ फुटांचा पायमार्गही चार आण्यांचाच. पुढे नंबराचे हिस्से पडले असतील तर फाळणी नकाशाही मागा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांऐवजी गट पडलेल्या गावात आजच्या गटाशी जुना सर्व्हे नंबर आधी जुळवून घ्या.

आज जागेवर काय आहे, ते मोजणीच्या 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणाऱ्या नकाशावर, कळतं. खातेदारालाच हद्द कायम मोजणीचा, म्हणजे अभिलेखातली हद्द जागेवर दाखवून देणाऱ्या मोजणीचा, अर्ज करायला लावा आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. लगतदारांना नोटीस जाते, त्यांचं म्हणणं तिथेच ऐका. प्रतीवर अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट यांत फरक दिसला, तर त्या पट्ट्यात कोण पेरतो हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घर बांधायचं असेल तर नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जागा शेती, निवासी अशा कोणत्या विभागात येते त्याचा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. सातबारा कोरा असला तरी आराखड्यातला नियोजित रस्ता प्लॉटच्या मधून गेलेला असू शकतो. नदीकाठ असेल तर जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशाही बघा: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आतली जागा घरासाठी घेऊच नका, कितीही स्वस्त असो.

गावठाणातली किंवा शहरातली जागा असेल, तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक आणि नगर भूमापनाचा नकाशा मागा.