ठोशात जोर येत नाही? दंड कमावण्याआधी या चुका टाळा

कुस्तीच्या तालमीतून बॉक्सिंगकडे वळलेला मुलगा आला की पहिल्या दिवशी एक प्रसंग हमखास घडतो. मान जाड, पाठ रुंद, सकाळी दोनशे जोर मारून आलेला गडी साखळीने टांगलेल्या सरावाच्या बॅगवर उजवा ठोसा हाणतो. बॅग लांब मागे जाते, झोका घेऊन परत येते आणि तो खूश होऊन माझ्याकडे बघतो. मग मी जुन्या मुलींपैकी एकीला बोलावतो. वजन जेमतेम पन्नास किलो. तिचा ठोसा बसतो तेव्हा बॅग फारशी जागा सोडत नाही. मध्येच मोडल्यासारखी दुमडते, साखळी खणखणते आणि हॉलमधले सगळे वळून बघतात.

गड्याने बॅग ढकलली, मुलीने ठोसा मारला. नारळ दगडावर टेकवून कितीही दाबा, फुटत नाही, आपटावा लागतो. जोर तोच असला तरी तो किती कमी वेळात उतरतो यावर सगळं ठरतं. ‘सर, माझ्या हातात ताकदच नाही’ म्हणणाऱ्या दहापैकी आठ-नऊ मुलांकडे ताकद भरपूर असते. ती जमिनीपासून मुठीपर्यंत येताना वाटेत कुठेतरी गळते. ही गळती कुठे आहे ते लक्षणांवरून ओळखता येतं.

बॅग नुसती झोके घेते

मूठ लागल्यावरही तुम्ही रेटत राहता, म्हणून. ठोसा बॅगच्या कातड्यावर संपवायचा नाही, कातड्याच्या चार बोटं आत संपवायचा आणि गेला त्याच वाटेने हनुवटीपाशी आणायचा. काही मुलं ‘हात लवकर परत आणा’ ऐकून मूठ लागायच्या आधीच मागे खेचतात. तीही चूकच, त्याने नुसती चापट बसते.

मात्र रेटण्याचं मूळ बहुतेक वेळा ताठरपणात असतं. पैलवानाला पकड सोडायची नसते, त्यामुळे त्याचे स्नायू सतत आवळलेले. ठोशाला हे चालत नाही. कोपर सरळ करणारा स्नायू दंडाच्या मागे असतो आणि दुमडणारा पुढे. मूठ आधीपासून करकचून आवळली की दोन्ही एकदम ताणले जातात, म्हणजे आपणच आपल्या हाताला ब्रेक लावून तो पुढे फेकतो. खांदे कानापर्यंत चढलेले, दात आवळलेले, चेहरा लाल. असा मुलगा दिसला की मी त्याला अर्धा राउंड नुसते हात झटकायला लावतो.

हात सैल निघाला पाहिजे आणि शेवटच्या वीतभर अंतरात मूठ आवळली गेली पाहिजे. त्याच क्षणी मनगट, खांदा, पोट सगळं एकदम घट्ट. बॉक्सर ठोशासोबत ‘श्श’ करून श्वास का सोडतात, याचं एक उत्तर इथे आहे: त्या तुटक श्वासाने पोट आपोआप आवळलं जातं. त्या क्षणी शरीर एकसंध असेल तर मुठीमागे अंगाचं वजन असतं. मनगट वाकलं किंवा खांदा मागे दबला तर समोरच्याला लागतं ते फक्त हाताचं वजन. सैल, सैल, सैल आणि घट्ट, हा क्रम अंगात मुरायला महिने जातात. माझ्या मते ठोशातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे, आणि डंबेल मारून ती येत नाही.

हात भरून येतात, पाय मात्र ताजेतवाने

प्रॅक्टिसनंतर मी मुलांना विचारतो, काय दुखतंय? ‘खांदे’ असं उत्तर आलं की कळतं, ठोसे हातानेच मारले गेलेत.

१९८५ साली सोव्हिएत अभ्यासकांनी १२० बॉक्सरांच्या सरळ उजव्या ठोशाचं विश्लेषण प्रसिद्ध केलं होतं. जोराचा कितवा हिस्सा कुठून येतो, हे त्यांनी मोजलं. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांमध्ये सुमारे ३८ टक्के पायांच्या रेट्यातून, ३७ टक्के धडाच्या वळण्यातून आणि फक्त २४ टक्के हातातून. खालच्या श्रेणीतल्यांमध्ये हाताचा वाटा ३८ टक्क्यांवर गेलेला आणि पायांचा जेमतेम साडेसोळा. हे आकडे मी हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेत, कारण नवीन मुलाला दंडाचं वेड असतं आणि पालकांनाही.

पायातली गळती बघायची असेल तर मोबाइल जमिनीलगत ठेवून स्लो मोशनमध्ये शूटिंग करा. मागची टाच जमिनीला चिकटलेली दिसली तर कंबर वळूच शकत नाही. टाच उचलून बाहेर वळली पाहिजे, सिगारेटचं थोटूक चवड्याने विझवतात तशी. त्यामागून कुल्ला, मग बरगड्या, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी मूठ. गोफण फिरवणाऱ्याचा दगड जसा शेवटी सुटतो, तसं. नवशिक्याचा हात आधी निघतो आणि कंबर मागून ‘स्टाइल’ म्हणून वळते. बघायला झकास, पण त्या वळण्याचा ठोशाला काही उपयोग नसतो.

मागच्या पायाबद्दल सगळे बोलतात, पुढचा दुर्लक्षित राहतो. भालाफेक करणारा शेवटच्या पावलाला पुढचा पाय कसा ताठ रोवतो ते आठवा. पुढचा पाय थांबतो म्हणून वरचं अंग वेगाने पुढे फेकलं जातं. ठोशात पाय इतका ताठ नसतो, पण गुडघा पुढे कोसळला तर जोर जमिनीतच जिरतो आणि नाक समोरच्याच्या हुकमध्ये, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशात, जातं. पुढे सरकून मारताना पाऊल टेकणं आणि ठोसा लागणं जवळजवळ एकाच वेळी व्हायला हवं. पाऊल टेकून, थोडं थांबून मग मारलं, तर चालत आलेलं वजन टेकण्यातच संपून जातं.

हुक मारताना तर हात सरळसुद्धा करायचा नसतो. अमेरिकन हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझरचा डावा हात लहानपणच्या दुखापतीमुळे पूर्ण सरळ होत नसे. त्याच वाकड्या हाताच्या हुकने त्याने ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या राउंडला मुहम्मद अलीला पाठीवर पाडलं. तो ठोसा सावकाश बघा: कोपराचा कोन बदलत नाही, अख्खा माणूस पायापासून वळतो.

पॅडवर तोफ, स्पॅरिंगला गायब

कोचने हातात धरलेल्या पॅडवर ठोसा जोरात बसतो, पण स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीत, जोर दिसत नाही. ही तक्रार मला सगळ्यात जिव्हाळ्याची, कारण मुलं इथेच खचतात. बॅग स्वतःहून जागा सोडत नाही आणि पॅड धरणारा कोच हात तुमच्या ठोशाच्या दिशेने आणतो. समोरचा बॉक्सर यातलं काहीच करत नाही.

आधी अंतर तपासा. फार लांबून मारलं की हात पूर्ण ताणला गेल्यावर मूठ जेमतेम टेकते, जोर आधीच संपलेला असतो. फार जवळून मारलं की वेग यायच्या आतच मूठ लागते. कोपरात किंचित वाकण शिल्लक असताना सरळ ठोसा लागला पाहिजे. हे अंतर पायांनी साधायचं असतं, कंबरेतून पुढे झुकून नाही.

मग वेळ. ८ डिसेंबर २०१२ रोजी लास व्हेगासमध्ये फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ सहावा राउंड संपता संपता हल्ला करत आत शिरला आणि मेक्सिकोच्या हुआन मॅन्युएल मार्केझचा आखूड उजवा ठोसा त्याला समोरून भेटला. पॅकियाओ तोंडावर पडला, तो बराच वेळ उठलाच नाही. मार्केझने लांबून ओढून आणलेला ठोसा नव्हता तो. पॅकियाओचं पुढे येणारं वजन त्या ठोशात मिळालं आणि त्याला तो दिसलाही नाही. ठोसा दिसला की मान घट्ट होते, हनुवटी खाली जाते. न दिसलेल्या ठोशापुढे मान सैल असते, डोकं गर्रकन फिरतं आणि मेंदू हादरतो.

म्हणून मारण्याआधी हात मागे नेणं ही फार महागात पडणारी सवय आहे. जोर यावा म्हणून मुलं कोपर पाठीमागे खेचतात आणि समोरच्याला आगाऊ निरोप देतात. आरशासमोर गार्डमधून, म्हणजे हनुवटीपाशी धरलेल्या मुठींच्या स्थितीतून, ठोसा काढा. मूठ आधी पुढे न जाता एक इंचही मागे गेली तर पुन्हा करा. जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने, समोरच्याची नजर अडवा, पोटावर मारून त्याचे हात खाली आणा. उजव्याच्या जोराची अर्धी तयारी डावा हात करतो.

आपल्याकडे ठोशात जोर नसण्याला एक जुनं कारणही आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून पुढची वीस वर्षं हौशी बॉक्सिंगमध्ये संगणकावर ठोसे मोजून गुण दिले जात. पंचांनी ठरावीक क्षणात बटण दाबलं की गुण. जोराला वेगळं मोल नव्हतं. साहजिकच ‘लागला की निघा’ अशी शिकवण रुजली. २०१३ पासून प्रत्येक राउंडच्या विजेत्याला दहा गुण देण्याची पद्धत आली, तरी त्या काळात घडलेले कोच आजही तसंच शिकवतात. त्यांना दोष देत नाही, मीही तेच शिकत मोठा झालो. पण आता मुलांना ठोशावर बसायला, म्हणजे पाय रोवून अंगाचं वजन ठोशात घालायला, शिकवलं पाहिजे.

पहिल्या राउंडला जोर, तिसऱ्याला कापूस

प्रत्येक ठोसा शंभर टक्क्यांनी मारणं हे याचं सरळ कारण. ३० ऑक्टोबर १९७४ ला आफ्रिकेतल्या किन्शासात अमेरिकेचा जॉर्ज फोरमन ४० पैकी ३७ लढती नॉकआउटने, म्हणजे समोरच्याला लढण्याजोगं न ठेवता, जिंकून अलीसमोर उतरला होता. अलीने दोरांना टेकून त्याला हातांवर, बरगड्यांवर मारू दिलं आणि आठव्या राउंडला थकलेल्या फोरमनला पाडलं. चार ठोसे हलके, एक खरा, असं मिसळून मारा.

दुसरं कारण वजन. स्पर्धेच्या आधी दोन दिवस पाणी तोडून, रबरी जॅकेट घालून पळणारी शाळकरी मुलं मी बघतो तेव्हा जीव तुटतो. सुकलेल्या स्नायूत झटका राहत नाही आणि डोक्याला मार लागण्याचा धोकाही वाढतो. मुलाच्या अंगाला झेपणारा वजनगट निवडा, बस.

मारताना हात दुखतो

दुखणारा हात मेंदू पूर्ण जोराने वापरूच देत नाही. अमेरिकेचा पॉली मॅलिनाजी दोन वजनगटांत जगज्जेता झाला, ३६ लढती जिंकला, पण त्यातल्या नॉकआउट फक्त ७. त्याच्या हाताची दुखणी आणि शस्त्रक्रिया कारकीर्दभर चालल्या. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे. करंगळीच्या बाजूने बसला तर तिथलं हाड मोडू शकतं. हाताला गुंडाळायची साडेचार मीटरची पट्टी घ्या, मनगटावर जास्त वेढे द्या. बॅगवर पातळ ग्लोव्हज घालून ‘हात कडक’ करायच्या भानगडीत पडू नका.

हे उपजत असतं का?

काही अंशी, होय. वेगाने आकसणाऱ्या स्नायुतंतूंचं प्रमाण, हाडांची लांबी, मुठीचा आकार हे घेऊनच माणूस जन्माला येतो. अमेरिकन हेवीवेट डिऑन्टे वाइल्डर १ डिसेंबर २०१८ ला ब्रिटनच्या टायसन फ्युरीसमोर उतरला तेव्हा वजन सुमारे ९६ किलो, फ्युरी ११६ च्या आसपास. काटकुळ्या पायांच्या वाइल्डरने तरीही त्याला दोनदा पाडलं. असा उजवा शिकवून येत नाही. पण एखाद्याकडे वाइल्डरचा उजवा नाही म्हणजे त्याच्या ठोशाला कुणी घाबरूच नये, असं नाही. असलेला जोर पूर्ण पोचवता येणं ही शिकायची गोष्ट आहे. मी सोळा वर्षांच्या पोरांना ‘तुझ्यात पंच नाही’ असं कधीच म्हणत नाही.

तालमीतून आलेल्या त्या गड्याला सध्या मी बॅगजवळ जाऊ देत नाही. तो रोज तीन किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) भिंतीवर फेकतो, मागच्या टाचेपासून वळून, आठ-आठ वेळा, मध्ये पूर्ण विश्रांती घेऊन. थकवा आला की थांबायचं, कारण थकल्यावर वेग जातो आणि पुन्हा ढकलणं सुरू होतं. परवा शॅडो, म्हणजे हवेत ठोसे मारण्याचा सराव, करताना त्याचे खांदे पहिल्यांदा कानांपासून खाली दिसले. पुढच्या सोमवारी त्याला बॅग देणार आहे.